अमावस्येचे चार दिवस

बायको जाऊन आठ महिने झाले. तिची वाकळ अजून मी कुणाला धुवू दिलेली नाही. लेक त्यावरून बोलते, बोलू दे. मी चार बुकं शिकलेला माणूस, लिहिण्याची सवय नाही. पण ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नाही आणि मी सांगायला लाजलो. आता लाज कुणासाठी ठेवायची?

लढाई संपली आणि पलटणीतून सुटून मी रहिमतपूरजवळच्या आमच्या गावी आलो. तेव्हा ती बत्तीस वर्षांची असेल. नऊ वर्षांची एक लेक, पुढं काही नाही. आईला नातू हवा होता. सांगलीच्या हळदपेठेत माझे मामा होते, त्यांची पोरगी आईनं मनात धरलेली. मी पलटणीत असतानाच तिनं शाळामास्तरांकडून पत्र लिहवलं, दुसरं लगीन करशील का म्हणून. मी उत्तरात एवढंच लिहिलं, 'बघू.'

दर अमावस्येला बायको वाकळ उचलायची आणि गोठ्याशेजारच्या छपरात चार दिवस बाजूला बसायची. आई लांबून भाकरी टाकायची. चौथ्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन ती घरात यायची. एक महिना चुकला नाही.

"नेमानं बसती, म्हंजी अंगात दोस न्हाई," आई म्हणायची. "कुनीतरी करणी केलीया." मग देवऋष्याचा अंगारा आणायची. मलाही ते पटायचं.

पण पौषाच्या थंडीत भाकऱ्या थापता थापता ती मध्येच उठून परसात पळायची. मानेवरून घाम, चोळी भिजलेली. लेकीवर उगाच खेकसायची, मग स्वतःच रडत बसायची. पलटणीतला माझा एक सोबती असाच घाम येऊन छातीच्या रोगानं गेला होता. मला भ्या वाटलं. मिरजेच्या दवाखान्यात न्यायचं ठरवून मी सकाळी बैलगाडी जुंपली, टेसनावर जायला. बघतो तर ती छपरात, भिंतीकडं तोंड करून बसलेली.

आई दारात आडवी. "आज कशी जाईल ती? आवस हाय. आगीनगाडीत सगळ्यास्नी बाटवील व्हय?"

"डॉक्टरला इटाळ नसतो."

"तुला हाय का न्हाई?"

मी छपरात गेलो. "ऊठ."

"चार दिसांनी जाऊ."

"गाडी जुपलीया. ऊठ म्हंतो न्हवं!"

ती हलेना. मी तिचं मनगट धरलं. मागं आई ओरडली, "आरं शिवलास की रं तिला!"

बायको हळू बोलली, मला एकट्यालाच ऐकू जाईल एवढं. "धरा खुशाल. आंघुळ करायची बी गरज न्हाई. दोन वर्सं झाली, मला काय येत न्हाई."

"मग हितं का बसतीस?"

"न बसून काय करू? आत्याबाई दिस मोजत्यात. तुमी पलटणीत हुतासा तवा बसली नसती तर गावानं नाव ठेवलं असतं. तुमी आल्यावर दोन म्हैनं पोटुशी म्हणून लाड केलं असतं, आन् मग सांगलीची पोरगी दारात आली असती. मास्तरांनी तुमचं पत्र वाचलं तवा मी हितंच बसली हुती. बघू म्हणून लिवलं हुतंसा."

मला तिची कीव आली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला राग आला. घरी आल्यापासून दर महिन्याला मी आशा धरून होतो आणि ती मला फसवत होती. रहिमतपूर ते मिरज मी तिच्याशी एक शब्द बोललो नाही.

दवाखान्यात डॉक्टरीण बाई होत्या. त्यांनी मला बाहेर बसवलं, बऱ्याच वेळानं आत बोलावलं.

"छातीचा रोग नाही. यांची पाळी लवकर बंद झाली. बहुतेकींची पन्नाशीच्या आसपास जाते, काहींची तिशीतच."

"कशानं?"

"दरवेळी कळत नाही. यांनी काही केलेलं नाही, आणि यांच्यावर कुणी करणीही केलेली नाही."

"पोरगं?"

"आता आशा धरू नका. घाम, चिडचिड हळूहळू कमी होईल. दूध द्या, चुलीपुढं फार वेळ बसवू नका. आणि असल्या थंडीत यांना गोठ्यात कोण झोपवतं?"



दुसऱ्या दिवशी घरी पोचलो, तर आई अंगणात पाण्याची बादली घेऊन उभी. "आदी आंघुळ कर. मग उंबरा वलांड."

पाणी अंगावर घेतलं असतं तर काहीच बोलायला लागलं नसतं. ती पुढं दहा-पंधरा वर्षं, म्हातारी होईपर्यंत, दर अमावस्येला त्या छपरात बसली असती. न घ्यावं, तर सांगलीचा विषय निघणार. बायको गाडीच्या जूला धरून उभी होती.

मी बादली उचलली आणि म्हशीपुढं ठेवली.

"तिचं बंद झालंया. डॉक्टरणीनं सांगितलं. ती आता बाजूला बसायची न्हाई."

आईला समजायला वेळ लागला. मग ती खालीच बसली. "मग मामाला काय सांगू?"

"न्हाई म्हणून सांग."

"आरं, नातं तोडू नगंस. नुस्तं बघू म्हण की."

बायको माझ्या तोंडाकडं बघत होती. डोळ्याला डोळा नाही, तोंडाकडं.

"न्हाई."

ती छपरात गेली, वाकळ झटकली आणि घरात घेऊन आली. आईनं दोन दिवस तिच्या हातचं खाल्लं नाही. तिसऱ्या दिवशी ताट ओढून घेतलं आणि भिंतीकडं बघत म्हणाली, "मला बी लय भाजायचं. रांजणापशी बसत जा जरा."

मामा पुन्हा आमच्या दारात आले नाहीत. बायको त्यावर कधी बोलली नाही. पण लेकीच्या स्थळाला, बैल घ्यायला, कशालाही मी 'बघू' म्हणालो की तिचा चालता हात थांबायचा. पुढं पुढं मी तो शब्दच सोडला.

शेवटच्या दुखण्यात तिनं विचारलं, "बरी हुईन का वो मी?"

"हुशील," मी म्हणालो.

नाही झाली.