लेंटर पडला
शेजारच्या प्लॉटवरून ओल्या सिमेंटचा वास आला की मला हसू येतं. इकडे उत्तरेत, एअरोसिटी नावाच्या नव्या वसाहतीत आमचं घर बांधत होतो तेव्हाची गोष्ट. जमीन मऊ, पायाच्या खड्ड्यात पावसाचं पाणी भरलेलं बघून साताऱ्याहून आलेली आई आधीच धास्तावली होती. स्लॅबच्या आदल्या संध्याकाळी तर आभाळ काळंकुट्ट झालं. ठेकेदार सरदारजी चहा पिता पिता तिला धीर देत म्हणाले, "माताजी, फिकर ना करो, कल लेंटर पक्का पड़ेगा." लेंटर म्हणजे स्लॅब, एवढं तिला कळलं होतं. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "पडणार हे यांना आजच ठाऊक आहे, मग घालतात कशाला?" इकडे स्लॅब पडतो म्हणजे ओततात, हे मला हसण्यामुळे धड सांगताच येईना, आणि सरदारजींना कळल्यावर त्यांच्या हातातला चहा सांडला. दुसऱ्या दिवशी पाऊस आलाच नाही. मिक्सर दिवसभर घरघरला, आणि शेवटचं घमेलं रिकामं झाल्यावर आईच सगळ्यांना लाडू वाटत फिरली, "पड गया, पड गया" म्हणत. अजूनही इकडे पूर आल्याची बातमी बघितली की तिचा फोन येतो, "लेंटर पडला नाही ना रे?" मी सांगतो, "पडलाय की आई, तू लाडू वाटलेस तेव्हाच."