परबकाकांची पश्चिम

परबकाका खुर्चीत सलग तासभर बसलेले मी कधी पाहिले नाहीत. तास भरला की हे उठणार, भिंतीवरची थर्मामीटरं वाचणार, वहीत आकडा टाकणार आणि परत येणार. दादरला आमचं तीन खोल्यांचं ऑफिस. तिथलं तासातासाचं तापमान कोणाला हवं होतं?

"कोणाक नको," काका म्हणायचे, "पण ह्या पायांक कोण सांगतलो?"

पाय गिरणीतले होते. लालबागच्या एका गिरणीत काका हवेच्या खात्यात. हवा कोरडी पडली की सूत तुटतं, म्हणून ती दमट ठेवायची. एक कोरडं आणि एक ओल्या फडक्यातलं अशी दोन थर्मामीटरं दर तासाला वाचायची. संप झाला, गिरणी पुन्हा उघडलीच नाही. काका चार ठिकाणी वॉचमनगिरी करून आमच्याकडे आले, इमारतींची तापमानं मोजायला. "न बघता आकडो लिवलो तर सूत विणकराच्या हातात तुटता. लिवणाऱ्याक काय कळणा नाय," हे ते मला आठवड्यातून दोनदा ऐकवत. मी नवा इंजिनियर. दोन्ही वेळा मान डोलवायचो.

आमच्या साहेबांनी एक प्रोग्रॅम करवून घेतला होता. इमारत ऊन किती खाईल, एसी किती लागेल, हे तो सांगायचा. पण त्याच्यावर विश्वास कोण ठेवणार? त्यासाठी असे प्रोग्रॅम तपासायचं एक मानक असतं, त्यात एक नकली खोली दिलेली असते: भिंत इतकी जाड, खिडकी इतकी मोठी. ती प्रोग्रॅममध्ये बसवायची. नावाजलेल्या प्रोग्रॅमांची उत्तरं ज्या पट्ट्यात पडतात, त्यातच आपलंही पडलं तर पास. आम्ही पास झालो. मी समोरच्या हॉटेलातून सगळ्यांना बटाटेवडे आणले आणि अहवालात लिहिलं, 'वर्षाची बेरीज व तासातासाचे आकडे ताडून पाहिले.' खाली झोकदार सही. बेरीज पाहिली होती. तासातासाचे आठ हजारांवर आकडे कोण बघतो?

त्याच प्रोग्रॅमवर परळच्या एका नव्या इमारतीचा हिशेब झाला. पश्चिमेची बाजू पूर्ण काचेची. संध्याकाळी कागद गेले की बिल्डर एसीची यंत्रं मागवणार होता. दुपारी तीनला काका नेहमीसारखे उठले, पण थर्मामीटरकडे न जाता माझ्या टेबलावरच्या प्रिंटवरून बोट फिरवत उभे राहिले.

"झिला, ही पश्चिमेची खोली मा?"

"हो, काका."

"मगे सकाळी नवाक कशी तापता? सूर्य खयसून उगवलो तुज्या परळाक?"

प्रोग्रॅममध्ये पूर्व-पश्चिम मी उलटी घातली होती. नकली खोलीला दोन्हीकडे सारख्याच खिडक्या; अदलाबदल झाली तरी बेरीज तीच, म्हणून आम्ही पास. एकेका खिडकीचे तासातासाचे आकडे पाहिले असते तरच दिसलं असतं. सकाळच्या थंड हवेवर बेतलेलं यंत्र मे महिन्याच्या दुपारी कमी पडलं असतं.

"काका, वर्षाची बेरीज फारशी बदलत नाही," मी पुटपुटलो. "परीक्षेत पास आहे ना..."

"दुपारी चाराक त्या काचेकडे जो बसतलो, त्याका वर्षाची बेरीज सांगशीत?"

मी उठलो. साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन म्हटलं, "सर, अहवाल थांबवा. मी न बघता सही केलीय." वर प्रामाणिकपणाच्या भरात जोडलं, "परबकाकांनी पकडलं."

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "म्हणजे आता रीडिंगवाला माझ्या इंजिनियरला शिकवणार?"

चूक अर्ध्या तासात सुधारली. पण सगळ्या परीक्षा पुन्हा करायला चार दिवस गेले. ते चारही दिवस काका माझ्या पाठीमागे येरझारा घालत होते आणि मी खरोखर एकेक तास वाचत होतो. तोवर बिल्डर दुसरीकडे गेला. महिनाअखेरीस साहेबांनी सांगितलं, एक माणूस कमी करावा लागेल. रीडिंग काय, कोणीही घेईल.

मी तोंड उघडलं. काकांनी मला दंडाला धरून जिन्यावर आणलं.

"सर चुकतायत, काका. जायचं तर मी..."

"गप ऱ्हव. तुजा लगीन ठरला हा. माका नोकरी जावची सवय आसा." आणि ते उतरले, नेहमीच्याच घाईने, जणू खाली कुठलं तरी रीडिंग राहिलं होतं.

मी गप्प राहिलो. त्या नोकरीत आणखी सहा वर्षं काढली.

माझ्या फजितीच्या गोष्टी मी लग्नकार्यांत रंगवून सांगतो. ही तर हमखास हशा घेते. काका विचारतात, सूर्य कुठून उगवला, लोक पोट धरून हसतात आणि मी तिथेच थांबतो. जिन्यापर्यंत आजवर कोणाला नेलं नव्हतं.