दिवसभर तेच पाणी

शेजारच्या सुनंदाकाकू चिकनच्या कारखान्यातून घरी आल्या, की नातीला लगेच उचलत नाहीत. आधी कपड्यांच्या साबणाने कोपरापर्यंत हात घासतात. काल नात उंबऱ्यात रडत होती, तरी त्या घासतच होत्या.

"काकू, पुरे की आता."

"अगं, एखाद्या कोंबडीचं आतडं फुटलं, तरी तीही बाकीच्या कोंबड्यांबरोबर धुवायच्या टाकीत बुडवायची. दिवसभर तेच पाणी. साहेब तपासणीला येणार असले, की बदलतात."

"तुम्ही कुणी बोलत नाही?"

"आमच्यातली रखमा बोलली. आता घरी बसलीय."

माझं डोकं भणाणलं. चिकनच्या पिशवीवर 'स्वच्छ' छापताना मालकाला लाज वाटत नाही, आणि सालटं निघेपर्यंत हात धुवायचे ते काकूंनी. शहरभर जंतू वाटणारा माणूस निर्धास्त जेवतो. ही बाई स्वतःच्या नातीला हात लावायला घाबरते.