आडव्या खाचांची फळी

वाळूवर घसरायच्या फळ्या मी का बनवतो, ते माझ्या साडूला विचारा. नको, त्याला नकोच. तो स्वतःला शोभेल असं सांगेल. मीच सांगतो.

मी चौथी नापास. बाप रत्नागिरीकडे खाडीवर होड्या बांधायचा, तेच हातात आलं. इथे आखातात, वादी कबीरला अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या वर्कशॉपात कपाटं-पलंग करता करता म्हातारा झालो. एकदा मुलाने मोबाइलवर बर्फावर घसरणारी माणसं दाखवली. पायाखाली फळी, फळीच्या तळाला उभ्या खाचा. म्हटलं, त्यात काय एवढं? बर्फ नसेना, बौशरला वाळूचे डोंगर आहेत.

पहिल्या फळीच्या तळाला मी होडीसारखा कणा बसवला. पाणी कापतो तो वाळू का नाही कापणार? शुक्रवारी जुम्म्यानंतर सगळं गणगोत बिर्याणीचं पातेलं घेऊन बौशरला जमलं होतं. मी वरून बसून निघालो. कणा रुतला, फळी तिथेच राहिली आणि मी एकटाच खाली आलो. तोंडावर. कवळी वाळूत.

वरून साडू ओरडला, "ओ मिस्त्री, समुद्र त्या बाजूला हाय!"

सगळे हसले. माझी बायकोसुद्धा. त्यानंतर लग्न असो की मयत, साडू मला बघितलं की विचारायचा, "कवळी गावली काय?" कुरुमला त्याचं कापडाचं दुकान आहे, तिथे तो गिऱ्हाइकांनाही हा किस्सा ऐकवतो. त्याच दिवशी मी ठरवलं, याचं त्याच उतारावर, त्याच माणसांसमोर हसं करायचं.

मग मी तळ बदलत गेलो. उभ्या खाचा पाडल्या, फळी सरळ जायला लागली. तळाला माशाच्या पोटासारखा फुगवटा दिला, त्यावर सनमायका लावून मेणबत्ती घासली, तेव्हा ती अशी सुटली की माझी टोपी मागे राहिली. एका फळीला आडव्या खाचा पाडून बघितल्या. त्यांत वाळू भरली की फळी हटवादी गाढवासारखी थांबायची. ती मी फेकली नाही. हिरवा रंग दिला, वर चांदणी काढली आणि ईदला साडूच्या घरी घेऊन गेलो.

"साडूभाई, झालं गेलं विसरा. तुमच्यासाठी खास."

साडू खूश. तळाकडे बघितलंसुद्धा नाही. कापड विकतो, पण उलटून बघायची सवय नाही.

पुढच्या शुक्रवारी तो सगळ्यांना हाका मारून बसला आणि निघाला. चार हात गेला आणि थांबला. ढुंगणाने ढकललं, पुन्हा चार हात. भर उतारावर, हिरव्या फळीवर, गुडघे कानाशी.

मी खालून ओरडलो, "साडूभाई, नांगर टाकलात काय?"

काय हसले लोक! मला वाटलं, खलास, फिटलं.

पण माझी बायको उठली. थर्मासपाशी बसून राहणारी बाई, घसरायचं नाव काढलं की छातीवर हात ठेवणारी. म्हणाली, "ही पळत नाय ना? मग मी बसते."

बसली. हळूहळू, थांबत थांबत, पोरीसारखी हसत खाली आली. मग मेव्हणी बसली. मग सगळ्या म्हाताऱ्यांची रांग लागली. आणि तो साडू, कपड्यांवरची वाळू झटकत म्हणतो कसा, "मीच मिस्त्रीला सांगून करून घेतली. आपल्या बायामाणसांसाठी."

"बघा, भावोजींना किती काळजी," बायको मला म्हणाली.

आता दर शुक्रवारी तेच. माझी फुगीर तळाची फळी सुसाट खाली येते, पण बघायला कोणी नसतं. सगळ्या 'साडूभाईंच्या फळी'पाशी.

परवा तिची एक कड उखडली. बायकोनेच दुरुस्तीला माझ्या बाकावर आणून ठेवली. मी खाचा बुजवल्यात, पोट दिलंय, मेणबत्ती आरसा होईपर्यंत घासलीय. वरचा हिरवा रंग आणि चांदणी तशीच. फळी नीट झाली का ते दाखवायला आधी साडूच बसणार, त्याचा स्वभाव मला ठाऊक आहे. फक्त बायकोला तेवढं थर्मासपाशी अडवून धरायचं आहे.