काकी भिगवणला का जात नाही

हे मी आजपर्यंत कुणाला म्हणजे कुणालाच बोललेले नाही. आईला नाही, मैत्रिणींना नाही. देवापुढं हात जोडते ना, तेव्हासुद्धा मनातल्या मनात एवढा भाग गाळून पुढं जाते. तुम्हाला सांगतेय कारण तुम्ही आमच्या पिंपळीचे नाही, तुम्ही मला ओळखत नाही. आणि भराभर टाइप करतेय, कारण थांबले की सगळं पुसून टाकीन. याआधी पुसलंयच. चुका झाल्या तर असू द्या.

कुठनं सुरू करू? केकपासून? नको — आधी घरातलं सांगते.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचा लॉकडाऊन. घरात आबा म्हणजे माझे आजोबा, पप्पा, आई, काका, काकी आणि मी. गोठ्यात म्हशी. तुम्हाला वाटेल वाईट दिवस — पण खोटं कशाला बोलू, सुरुवातीला मला मज्जाच वाटायची! सगळे घरात! काकाची एमआयडीसीतली कंपनी बंद, तर तो दिवसभर आबांशी पत्ते कुटायचा आणि हरला की ओरडायचा, "आबा, तुमी पानं लपवताय!" आबा शांतपणे म्हणायचे, "आरं, लपवायला अक्कल लागती. तुझ्याकडं आसती तर तूबी लपवली आसती." आई आणि काकी जावा-जावा, पण बहिणींसारख्या कुरडया घालायच्या गच्चीवर. काकीला मूलबाळ नाही. माझी वेणी काकी घालायची, मला ताप आला की उशाला काकी, आईनं मारायला हात उचलला की मधी काकी. हे मुद्दाम सांगतेय. म्हणजे पुढं मी काय केलं ते तुम्हाला नीट कळेल.

दहावीचे पेपर रद्द झाले म्हणून टीव्हीवर आलं आणि आम्ही मैत्रिणी नुसत्या नाचलो — आपापल्या घरात, फोनवर. मग एकीनं टूम काढली, केक कापायचा. तिच्या उसातल्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत, कुणाला न सांगता. तिचा मामेभाऊ पुण्यावरनं आला होता, त्यानंच केक आणला. तो खोकत होता. "धुळीचं हाय," म्हणाला. आम्ही सगळ्यांनी एकमेकींना केक भरवला, एकाच चमच्यानं. घरी काय सांगितलं? वैरणीला गेले होते म्हणून. डोक्यावर गवताचा भारापण आणला, पुरावा म्हणून.

आता मुरघास. तुम्हाला माहिती नसेल — मका कुट्टी करून प्लास्टिकच्या मोठ्या बॅगेत दाबून भरायचा, हवा लागू द्यायची नाही, मग तो आत मुरतो आणि म्हशींना वर्षभर पुरतो. बॅग उघडली की असला आंबूस वास येतो ना, की नाकात बसतो, केसांनासुद्धा येतो. चांगला मुरलेला असेल तर लोणच्यासारखा, बिघडला असेल तर कुबट. आबांचं नाक तपकिरीनं कामातनं गेलेलं. म्हणून नवीन बॅग उघडली की ते मूठभर माझ्या नाकाजवळ धरायचे. "बघ गं, हाय का बरा?" घरात हे काम माझं. मला भारी वाटायचं.

केकनंतर थोड्या दिवसांनी आबांनी अशीच मूठ धरली. आणि मला — काहीच नाही. मी परत हुंगलं. नाक जवळजवळ त्यांच्या हातात खुपसलं. काहीच नाही. जशी काही कोरडी माती धरलीय. अंग थोडं दुखत होतं, ते मी कालचं काम म्हणून सोडून दिलेलं. पण हे? वास जाणं म्हणजे काय, हे तेव्हा शेंबड्या पोराला माहिती होतं. टीव्हीवर दिवसभर तेच. मला त्या क्षणी कळलं. नंतर नाही, त्याच क्षणी. मी आबांच्या तोंडापुढं उभी, मास्क नाही, काही नाही.

"चांगला हाय की आबा," मी म्हणाले.

का? सांगितलं असतं तर केक निघाला असता. भारा निघाला असता. पप्पांनी फोडून काढली असती, फोन गेला असता. एवढंच. याच्यापेक्षा मोठं काही कारण नाही, मी खूप शोधलंय.

आणि मी वेगळी बसले का? नाही. वेगळी बसले असते तर विचारलं असतं, का बसलीस. त्या दुपारी आबांबरोबर पत्ते खेळले. त्यांच्या हातातली पानंपण मीच लावून दिली — त्यांची बोटं कोरडी पडायची, पानं सुटायची नाहीत, मग ती मी सोडवून द्यायची, जिभेला बोट लावून.

काकी तेव्हा घरात नव्हती. हे लक्षात ठेवा — नव्हती. तिचं माहेर भिगवण. तिचे वडील, अण्णा, हायवेला त्यांची छोटी खानावळ, ती बंद पडलेली. ते मोरीत घसरून पडले, खुबा मोडला, म्हणून काका तिला गाडीवर सोडून आला होता. आई तेव्हाच म्हणाली होती, "आता कशाला जायाचं, सगळीकडं ह्ये आसलं चाललंय." आबा म्हणाले, "बाप हाय तिचा. जाऊ दे." काकी परत आली ती मुरघासाच्या दुसऱ्या दिवशी. आली, अंघोळ केली, स्वयंपाकाला लागली. मग आबांना ताप. मग काकीला खोकला.

झालं. सगळ्यांनी ओळीनं लावून टाकलं. काकीनं भिगवणवरनं आणलं.

नंतर सगळ्यांच्या नाकात काड्या घातल्या, सगळेच पॉझिटिव्ह निघाले, मीपण. कुणी विचारलं नाही कुणाचा वास कधी गेला. डेअरीवाल्यानं दूध घ्यायचं बंद केलं, दूध दारात नासायला लागलं, तेही काकीच्या नावावर. आबांना बारामतीला दवाखान्यात नेलं. ॲम्ब्युलन्समध्ये चढताना ते काकाला म्हणाले, "पत्ते पिसून ठेव." ते परत आले नाहीत. आणलेच नाहीत. आम्ही लांबनं बघितलं, पांढऱ्या पिशवीत.

त्या संध्याकाळी आई सगळ्यांसमोर बोलली, "माह्यारची एवढी वढ, की सासऱ्याला घिऊन गेली." काकी पदर तोंडात धरून भिंतीला टेकून खाली बसली. मी तिथंच होते. दारात.

दहाव्याला जास्त माणसं नको म्हणाले होते, म्हणून फक्त घरचे गेलो, कालव्याच्या कडेला. पिंड ठेवला. कावळे झाडावर होते, पण खाली एक येईना. आमच्याकडं मग एकेकानं पुढं होऊन गेलेल्या माणसाला शब्द द्यायचा असतो, त्याचा जीव कशात अडकलाय ते ओळखून. पप्पा म्हणाले, "आबा, बांधाचं भांडण मिटवतो." नाही. आई म्हणाली, "मामंजी, म्हशी इकू देणार न्हाय." नाही. काका म्हणाला, "आबा, तुमची फटफटी भंगारात घालत न्हाय, रोज पुसतो," आणि रडता रडता सगळ्यांना हसू आलं, पप्पा म्हणाले, "आरं, ती चालू करून दाखीव म्हणत आसतील." तरी नाही. ऊन डोक्यावर आलं.

मला माहिती होतं आबांना काय ऐकायचंय. म्हणजे — मला तसं वाटलं. मी एक पाऊल पुढं टाकलं. खरंच टाकलं.

पण काकी आधी गेली. लांब बसली होती, कुणी जवळ बोलावलं नव्हतं तिला. उठली, हात जोडले. "आबा, माझं चुकलं. म्या भिगवणला जायला नको हुतं. आता त्या वाटंला पाऊल टाकायची न्हाय कधी. शब्द हाय माझा."

आणि कावळा आला.

लगेच. पंखांचा आवाज ऐकू आला इतका जवळनं. सगळ्यांनी हात जोडले. आई काकीच्या गळ्यात पडून रडली — एकदम माया आली तिला. म्हणजे सगळं खरं ठरलं ना! आबांनीच सांगितलं, अशी साक्ष झाली. मी ते पाऊल मागं घेतलं.

कावळ्याला भूक लागली असेल, हे मला आज कळतं. कुणाकडनं कुणाला झालं हे नक्की सांगता येत नाही, हेपण कळतं. मी कॉलेजला सायन्सला आहे. हे वाक्य मी स्वतःला किती वेळा म्हणून दाखवलंय. पण काकीला म्हणून दाखवलं का? तिलाच तर पाहिजे होतं ते.

काकीनं शब्द पाळला. लॉकडाऊन उठला, एसटी सुरू झाली, दिवाळ्या आल्या, ती गेली नाही. भाचीचं लग्न झालं, गेली नाही. मग अण्णाच आले एकदा, काठी टेकत, एसटीनं. चहा झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाळा, तुझं आयकती ती. एकदा यी म्हणावं. मला आता येवढं हेलपाटं हुत न्हाय." मी म्हणाले, "सांगते आण्णा." सांगितलं नाही. ती म्हणाली असती, शब्द दिलाय. मग मला म्हणावं लागलं असतं, तो शब्दच खोट्यावर दिलास. मग पुढचं सगळं.

पप्पांनी फोडून काढायचं वय गेलं कधीच. आता कसली भीती? सांगू? आता काकी माझ्यावर जीव टाकते, त्याची.

परवा अण्णा गेले. काका गाडी काढून उभा होता. आईसुद्धा म्हणाली, "जा गं, शब्दाचं बघू आपण." काकीनं नाही म्हणून मान हलवली. "आबांनी मानलाय त्यो. मोडून कसं चालंल?" तिच्या भावानं व्हिडिओ कॉल लावला. ती सारखी पदरानं डोळे पुसत होती, म्हणून फोन मी धरला. तिकडं खूप गर्दी, कुणाच्या तरी पाठी दिसत होत्या, मधनंच हार. काकी माझ्या खांद्याला चिकटून बसली होती. आमच्यापाशी दुसरं कुणी नव्हतं.

"जरा जवळ धर गं," ती म्हणाली. "आण्णांचं त्वांड दिसंना."

मी फोन जवळ धरला.