रोज एक तास

“माह्या हाताले काई तरी द्या बाई,” असं जयवंता म्हणायची. लग्नाच्या मांडवात म्हणायची, मयताच्या घरीही म्हणायची. बायका तिच्यापुढं लसूण सरकवायच्या, नाही तर गुंतलेली सुतळी द्यायच्या. ती लसूण सोलून टाकायची, सुतळी उकलायची, आणि पुन्हा तिची बोटं पदराच्या टोकाशी चाळा करू लागायची. वारा पडला तरी पिंपळाचं एखादं पान हलतच राहतं, तसं तिचं होतं.

मोर्शीपासून कोसभर अलीकडं तिच्या सासरचा मळा होता. वांगी, मिरच्या, दसऱ्याला झेंडू, आणि पलीकडं थोडं कपाशीचं वावर. नवरा तापानं गेल्याला काही वर्षं झाली होती. घरात सासू पार्बताबाई, धाकटा दीर सहदेव आणि ती, एवढीच माणसं उरली होती. माळ्यांत विधवेचा पाट लावतात, आणि थोरल्याच्या मागं धाकट्यानं वहिनीशी पाट लावणंही चालत आलेलं. पार्बताबाईच्या मनात तेच होतं. बाई वाईट नव्हती. मळा हातांवर चालतो, आणि जयवंताचे हात किती चालतात हे तिच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं.

“सहदेव काई वाईट हाय का?” सासू विचारायची.

“वाईट कावून राहीन? पन आत्याबाई, म्या त्याच्या डोक्यातल्या उवा काढल्या.”

“मंग काय झालं? आता नाई राह्यल्या त्या.”

सहदेव हे ऐकायचा आणि बैल सोडायच्या निमित्तानं उठून जायचा.

मोर्शीच्या मुलींच्या शाळेत गोदाबाई मुख्याध्यापिका होत्या, पुण्याकडच्या. जयवंता त्यांच्याकडं पूजेची फुलं द्यायला जायची. ती चौथीपर्यंत शिकलेली होती. पुडीचा छापील कागदसुद्धा वाचल्याशिवाय फेकत नसे. एकदा गोदाबाईंच्या घरचा भरतकामाचा रुमाल तिनं उलटा करून, सुलटा करून पाहिला, आणि घरी येऊन गोणपाटाच्या तुकड्यावर तसाच वेल उतरवला. दुसऱ्या दिवशी फुलं त्याच गोणपाटात बांधून नेली.

गोदाबाईंनी फुलं बाजूला ठेवली आणि गोणपाट खिडकीशी नेला.

“जयवंताबाई, उन्हाळ्यानंतर आमच्या शाळेत भरतकामाचा वर्ग निघणार आहे. शिकवायला बाई हवी. पण प्रमाणपत्र नसेल तर मला कोणाला घेता येत नाही.”

“ते कुठं भेटते?”

“पुण्याला. तुम्हाला जायला नको. टपालानं धडे येतात. आपण कापड भरून पाठवायचं, ते तपासून परत पाठवतात.”

त्या दिवशी घरी येताना तिनं वाट तुडवली नाही, कापली. सासूनं सगळं ऐकून घेतलं, विळीवर अर्धं वांगं तसंच ठेवलं, आणि ती म्हणाली, “अखजीपरेंत थांबतो मी. तवापरेंत तुहा कागद आला तं जाय तू नोकरीले, मी आडवी येनार नाई. नाई आला तं अखजीले पाट लावतो. मंग कुरकुर नाई पायजे.”

“नाई करत,” जयवंता म्हणाली. अखजी म्हणजे अक्षय्य तृतीया, तिला अजून बरेच महिने होते.

पुडकी येऊ लागली. एक छापील कागद, कापडाचा तुकडा, रंगीत दोऱ्याच्या लड्या. पोस्टमन नत्थुजी मळ्याच्या धुऱ्यावरूनच, बांधावरूनच, हाक मारायचा.

“पुन्याचं आलं वो बाई. कोन हाय तिकडं तुमचं?”

“मास्तरीन हाय.”

“दिसाले कशी हाय?”

“लाल शाईची हाय.”

तिला तेवढीच ठाऊक होती. धावदोरा, साखळी टाका, गहू टाका, असे धडे ती भरून पाठवायची, आणि कापड परत यायचं तेव्हा त्याला टाचलेल्या चिठ्ठीवर लाल अक्षरं असायची. पहिल्याच चिठ्ठीत लिहिलं होतं, “टाके समान आहेत. दोरा फार ओढता. ओढू नका.” जयवंता ती चिठ्ठी हातात घेऊन उभीच राहिली. इतक्या लांबून, वीतभर कापडावरून, त्या बाईनं तिचा जीव कसा आहे ते ओळखलं होतं. मग ती दोरा ओढायच्या आधी श्वास सोडू लागली. पुढच्या चिठ्ठीत आलं, “सुधारणा आहे.” ती ओळ तिनं सहदेवला वाचून दाखवली, सासूला वाचून दाखवली, आणि त्या दिवशी मिरच्या एकटीनं तोडल्या.

शेवटचा धडा माघात आला. या खेपेला कापड मोठं होतं, पांढरंशुभ्र, त्यावर एक रेघसुद्धा नाही. फुलाचं चित्र वेगळ्या कागदावर होतं, तळहाताएवढं. खाली सूचना होती: “सोबतचे फूल कापडावर भरीव टाक्याने भरावे. रोज एक तास भरावा. घाई करू नये. महिन्याने कापड पाठवावे.”

आता त्या मुलखात घड्याळाच्या वेळेला घंटा म्हणत. घंटाभर बसलो, दोन घंटे लागले, असं. तास म्हणजे पिकाची ओळ. कपाशीचे तास, तुरीचा तास, वांग्याचा तास. जयवंतानं सूचना वाचली, पुन्हा वाचली, आणि सहदेवला विचारलं, “भाऊ, पुन्याची बाई म्हनते रोज एक तास भर. कुठून कुठं धरावा तो?”

सहदेव हसला. “वयनी, जलम वांग्यात चालला तुमचा, अन मले इचारता? या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापरेंत.”

कापडाचे धुरे म्हणजे त्याच्या कडा. तळहाताएवढं फूल तासात कसं बसणार? एका तासात झाडं पुष्कळ हवीत. म्हणून तिनं फूल नखाएवढं केलं आणि या कडेपासून त्या कडेपर्यंत फुलांची ओळ भरली. दुसऱ्या दिवशी दुसरी. मधे मधे वावरात तुरीचा असतो तसा एक पिवळा तास टाकला.

तेवढं काम म्हणजे तिच्या हाताला काहीच नव्हतं. ऊन ओसरीवर येईतो तास भरून व्हायचा. मग सगळा दिवस पुढं उभा. कापड फळीवर, सुई दोऱ्याच्या लडीत, आणि हात रिकामे. ती विहिरीपर्यंत जायची, परत यायची, कापड काढायची, पाहायची, ठेवून द्यायची. घाई करू नये, असं लिहिलं होतं. त्या बाईनं एकदा आपल्याला ओळखलं आहे, ती आता आपली परीक्षा पाहत आहे, असं तिला वाटायचं. आयुष्यात कोणी तिला थांब म्हटलं आणि ती थांबली, असं तेवढंच झालं. जनावर दावणीला बांधावं तसं तिनं स्वतःला महिनाभर बांधून घातलं.

कापड गेलं आणि शिमग्याच्या सुमाराला परत आलं. नत्थुजीनं या खेपेला गंमत केली नाही, कारण तिनं त्याच्यासमोरच पुडकं फोडलं होतं. चिठ्ठीत लिहिलं होतं, “नमुना आकृतीप्रमाणे नाही. सूचना वाचलेली दिसत नाही. नापास. पुन्हा प्रयत्न करायचा असल्यास नवे कापड मागवावे.”

नापास हा शब्द तिनं सोसला असता. सूचना वाचलेली दिसत नाही, हे तिला सोसेना. तो कागद तिला तोंडपाठ होता.

पुढच्या बाजाराला पार्बताबाईनं मोर्शीहून पाटाचं हिरवं लुगडं आणलं आणि सर्वांना दिसेल असं दांडीवर टाकलं. जयवंता त्याच दुपारी, पायांना चटके बसत असताना, गोदाबाईंच्या दारात जाऊन उभी राहिली.

“मले सांगा, म्या कोनतं नाई वाचलं?”

गोदाबाईंनी धडा वाचला, कापड पाहिलं. त्यांना काही उलगडेना. “इतक्या ओळी कशाला घातल्यात?”

“तास हायत ते. रोज एक.”

गोदाबाई हसू लागल्या, आणि तिच्या तोंडाकडं पाहून थांबल्या. “अहो जयवंताबाई, तास म्हणजे तुमचा घंटा. रोज घंटाभर बसून ते एकच मोठं फूल भरायचं होतं.”

जयवंतानं कापड आपल्याकडं ओढून घेतलं. “घंटाभर बसू देत होते मले?”

“हो.”

“मंग घंटा लिव्हाले काय झालं होतं त्यायले?”

नवं कापड चैत्रात आलं. आता मोठ्या फुलाला महिनाही उरला नव्हता. तिनं घंटा मोजला नाही. वांगी तोडून आली की बसायची ती दिवा लावायची वेळ होईतो. भरीव टाक्याला दोरा शेजारी शेजारी पडावा लागतो. जरा ओढला की कापड आवळून येतं. ते आवळून यायचं. ती उसवायची, पुन्हा भरायची. मोट आणि झाडं एकट्या सहदेववर पडली होती.

एका संध्याकाळी तो ओसरीच्या कडेला येऊन बसला.

“म्या चुकीचं सांगतलं तुमाले.”

“तू वावरातला तास सांगतला. वावरात तोच असते.”

त्यानं जरा वेळ पायाची माती काडीनं खरवडली. “हे कापड नाई पाठोलं तं नाई चालनार काय, वयनी?”

तिची सुई थांबली. त्यानं मान वर केली नाही. असं काही तो पहिल्यांदाच बोलला होता, आणि पुढं कधी बोलला नाही. तिनं दोरा ओढला तो फार ओढला गेला, आणि पाकळीची कड उसवावी लागली.

कापड पूर्ण झालं त्या दिवशी मोर्शीला तोच चालला होता. पुडकं तिनं त्याच्या हातात दिलं. तो परत आला तेव्हा टपालात टाकलं का, असं तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याच्यावर आळ घेतल्यासारखं झालं असतं. ती रात्री उठून माठातलं पाणी पिऊन यायची. तो खाली मान घालून जेवायचा, आणि ती त्याच्या ताटात भाकर वाढताना त्याचं तोंड वाचू पाहायची. धडे वाचण्यापेक्षा ते कठीण होतं.

अखजीच्या आदल्या दिवशी नत्थुजी आला. प्रमाणपत्र जाड कागदाचं होतं. खाली लाल शाईत एवढंच, “पास. उजवी पाकळी घट्ट आहे.”

जयवंता तो कागद घेऊन मोर्शीला धावली. गोदाबाई तिला पाहून उठून उभ्या राहिल्या. “मला जागा भरावी लागली हो. शाळेला सुटी लागायच्या आत नाव कळवायचं होतं. अमरावतीच्या एक बाई येणार आहेत.” मग त्यांनी तिला पाणी दिलं, आणि अकोल्याचं सांगितलं. तिथल्या जठारपेठेत बायकांसाठी असाच वर्ग निघत होता, बाई मिळत नव्हती. तिथं जयवंताची मावशी होती, भाजी विकणारी.

घरी लुगडं दांडीवरच होतं.

“मी मोर्शी समजली होती,” पार्बताबाई म्हणाली. “अकोला नाई.”

“तुमी कागद म्हनलं होतं, आत्याबाई.”

सासूनं कागद हातात घेतला. वाचता येत नव्हतं, तरी दोन्ही बाजूंनी पाहिला. मग दांडीवरचं लुगडं ओढून काढलं, त्याची घडी केली आणि जयवंताच्या बोचक्यात कोंबली. “दुसऱ्याच्या दारी जुन्या लुगड्यात जाशीन काय,” असं म्हणून ती चुलीकडं वळली.

सण झाल्यावर सकाळीच जयवंता निघाली. मोर्शीहून मोटार, मग बडनेऱ्याहून अकोल्याची आगगाडी. सहदेव पहाटेपासून मोटेवर होता. तिनं धुऱ्यावरूनच सांगितलं, “येतो मी, भाऊ.” तो म्हणाला, “हो.” ती भराभर चालत होती, बोचकं या काखेतून त्या काखेत घेत. बैल मोटेच्या धावेच्या टोकाला जाऊन थांबले, भरलेली मोट वर येऊन रिती झाली, तरी सहदेवनं बैल मागं घेतले नाहीत. ती बाभळींच्या आड गेली, पलीकडं निघाली, रस्त्याच्या धुळीत बारीक झाली.

“सहद्या, मोट कावून थांबली रे?” पार्बताबाई घरातून ओरडली.

तो कासऱ्यावर हात ठेवून तिकडंच पाहत होता.