मोठं काम आधी

धानाच्या रोवणीच्या दिवसांत मी आसगावच्या घरी बसून पीएचडीचं काम करत होतो. अनेकांची कामं चालणाऱ्या क्लाउडवर कुणाचं काम आधी घ्यायचं, हे ठरवणाऱ्या दोन अल्गोरिदमची तुलना. मशीन सरासरी किती वेळ कामात राहतात, या मापावर लहान काम आधी घेणारा दर वेळी हरायचा. मोठं काम आधी घेणारा जिंकायचा, पण नवी मोठी कामं येत राहिली की लहान कामं रांगेतच कुजायची. हे गाईडना सांगितलं, तर म्हणाले, "सरासरी बघा, बाकी सोडा."

इकडं रोवणाऱ्या बायांची टोळी मोठ्या वावरांतून निघेचना. आमच्या धानाच्या दोनच लहान बांध्या. रोवायच्या रोपांचे पऱ्हे पिवळे पडत चालले होते. मी एकटा चिखलात उतरलो आणि एक कोपरा रोवून कंबर धरून बसलो. माय रोज टोळीवालीच्या दारातून हात हलवत परत यायची.

त्या दिवशी आली ती थेट माझ्या लॅपटॉपसमोर बसली. माझं काम काय, हे मी तिला मागे समजावलं होतं. "तुह्या मशीनमंदी लहानाचा नंबर कधी लागते रे?"

माझ्या साऱ्या आलेखांत त्या 'कधी'चं उत्तर कुठंच नव्हतं. सरासरी मात्र फार छान आली होती.